उपवासाची पेशी

“माझा सोमवार आहे, काकू,” मी म्हटलं.

विशाखाच्या आईने पुढे केलेली पोह्यांची ताटली मध्येच थांबली. पोह्यांवर ओलं खोबरं होतं, कडेला लिंबाची फोड होती. “बरं,” त्या म्हणाल्या आणि ताटली घेऊन आत गेल्या. आमच्याकडे कोणी उपवास आहे म्हटलं, की ‘अगं, मग आधी सांगायचं, खिचडी टाकली असती’ अशी धावपळ होते. इथे तसं काही झालं नाही. जणू मी काहीतरी ठरलेलं बोलले होते.

विशाखा माझ्याकडे बघत होती.

“खरंच आहे?”

“काय?”

“उपवास. खरंच आहे का?”

“खोटा कशाला असेल? आमच्या घरी सगळेच धरतात. बाबासुद्धा.”

तिने जरा विचार केला. “केळं चालतं?”

“चालतं की.”

ती आत जाऊन केळी घेऊन आली. तिच्यामागून काकूही आल्या आणि पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या. सकाळपासून मी फक्त चहा घेतला होता. एक केळं खाल्लं, मग न विचारताच दुसरं सोललं. माझं खाऊन होईपर्यंत दोघी बघत राहिल्या. सालं कुठे टाकू, असं विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, “दे इकडं. दूध तापवते, साखर घालून देते. दूध चालतं ना गं?” आणि उत्तर न ऐकताच आत वळल्या.

मला ते थोडं विचित्र वाटलं. पण मी नववीत होते आणि डोक्यात पेशी होती, त्यामुळे फार वेळ वाटलं नाही.

पेशीचं झालं होतं असं. आमच्या बार्शीच्या कन्या प्रशालेत घाडगे मॅडम विज्ञान शिकवायच्या. वहीतल्या आकृत्यांचा त्यांना कंटाळा आला होता. “तुम्ही केंद्रक म्हणून मधोमध टिकली काढता आणि झालं म्हणता,” त्या म्हणाल्या. “या वेळी प्राणीपेशीची प्रतिकृती करायची, पण खायची. जोड्या करा. पेशीतला प्रत्येक भाग, प्रत्येक अंगक खाण्याजोगं हवं. खाणारीनं आधी त्याचं नाव आणि काम सांगायचं, मगच उचलायचं. करणारीनं स्वतःचं खायचं नाही. ज्या जोडीचं ताट सगळ्यांत आधी रिकामं होईल, ती सोलापूरच्या विज्ञान प्रदर्शनाला जाईल.”

दिवस त्यांनी गुरुवार सांगितला. मागच्या बाकांवरून लगेच कुजबुज सुरू झाली. मार्गशीर्ष होता, लक्ष्मीचे गुरुवार चालू होते. अर्ध्याअधिक मुली आयांबरोबर तो उपवास धरायच्या आणि संध्याकाळी नैवेद्य दाखवून सोडायच्या. पल्लवी गव्हाणे उठून म्हणाली, “मॅडम, शुक्रवार करा ना. गुरुवारी खाणार कोण?”

मॅडम तयार होत्या. तेवढ्यात विशाखा बनसोडे उभी राहिली. ती वर्गात क्वचितच बोलायची. पेपर मात्र असे लिहायची, की मॅडम ते इतरांना वाचून दाखवायच्या.

“मॅडम, गुरुवारच ठेवा.”

“का गं?”

“उपवासाला चालेल अशी पण करता येईल की.”

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. “करून दाखव,” त्या म्हणाल्या आणि फळ्यावर गुरुवारच लिहिला. जोडी कोणाबरोबर, असं विचारल्यावर विशाखाने माझं नाव घेतलं. आम्ही काही मैत्रिणी नव्हतो. तोपर्यंत प्रयोगशाळेत शेजारी उभं राहण्यापलीकडे आमचा संबंध नव्हता. म्हणून तर मी त्या सोमवारी पहिल्यांदा मिलिंदनगरमध्ये तिच्या घरी गेले होते.

दूध पिऊन झाल्यावर मी माझी योजना सांगितली. आमच्या घरी ओव्हन होता. पायाला केक, वर जेली. विशाखाने मान हलवली.

“उपवासाचीच करायची. आणि इथेच करायची, आमच्या घरी.”

“आमच्याकडे उपवासाचं सगळं सामान असतं. आईला माहीतही असतं.”

“म्हणूनच नको. तू नुसतं सांग काय चालतं ते.”

मला तिचा डाव कळला असं वाटलं. गुरुवारी उपवासाचं ताट एकच असणार, उपवासवाल्या सगळ्या आमच्याकडेच येणार, ताट आधी रिकामं होणार, आम्ही सोलापूरला जाणार. मला तो फार हुशारीचा वाटला. मी तसं बोलूनही दाखवलं.

“हं,” विशाखा म्हणाली. “तसंही होईल.”

काय चालतं हे सांगायला मी बसले आणि लक्षात आलं की मला ते माहीतच नाही. म्हणजे आमच्या घरी काय चालतं ते माहीत होतं. आमच्याकडे जिरं चालतं, कोथिंबीर चालत नाही. माझ्या मावशीकडे कोथिंबीर चालते, लाल तिखट चालत नाही.

“पण का?” विशाखा विचारायची.

“का म्हणजे? नाही चालत.”

“साबुदाणा चालतो. तो झाडाच्या कंदाचा असतो, बाहेरून आलेला. आणि गहू आपला, तो चालत नाही. काही नियम असेल ना.”

“भगर चालते, तांदूळ नाही,” मी आणखी भर घातली. “बटाटा चालतो, वांगं नाही.”

दारातून काकू म्हणाल्या, “आमच्याकडं असले उपास नसतात, म्हणून विचारती ती. पुनवेचा मी धरते, पण त्याला एवढी वकिली लागत नाही.” त्या अंगणवाडीत शिकवायच्या, त्यामुळे प्रत्येक वाक्य लहान मुलांना सांगितल्यासारखं सावकाश बोलायच्या.

शेवटी आम्ही नियम शोधायचा नाद सोडला आणि संच घेतले. गणितात तेव्हा संचच चालू होते. वर्गातल्या मुलींना मधल्या सुट्टीत गाठून त्यांच्या घरी काय चालतं ते विचारायचं आणि सगळ्यांच्या घरी चालणारं तेवढंच वापरायचं. छेद संच. विचारायचं काम माझं. विशाखा म्हणाली, “तूच विचार. मी विचारलं तर वेगळी उत्तरं येतील.” तेव्हा मी त्यावरही काही विचारलं नाही.

सगळ्यांत कडक घर शर्वरी पाठकचं निघालं. शेंगदाणे नाहीत, तेल नाही, फक्त तूप. मीठ सैंधव. तवा उपवासाचा वेगळा. “आमच्या आईला विचारशील तर पाणीसुद्धा चालत नाही म्हणेल,” शर्वरी म्हणाली. “पण तुला का हवंय?”

“पेशीसाठी.”

“मग नीट करा बाई. मागच्या गुरुवारी डब्यातल्या चिवड्यात कोणीतरी हळद घातली होती. मी उपाशी राहिले.”

बुधवारी दुपारी शाळा लवकर सुटली आणि आम्ही कामाला लागलो. पेशीपटलासाठी भगर आणि साबुदाणा एकत्र भिजवून, वाटून पातळ धिरडं करायचं आणि ते ताटात तळाशी व कडेला पसरायचं. त्यात साबुदाण्याची घट्ट, पारदर्शक लापशी ओतायची. ते पेशीद्रव. केंद्रक म्हणजे रताळ्याचा गोळा, त्यात केंद्रकी म्हणून मनुका. तंतुकणिकांसाठी खजूर उभे चिरून आत अक्रोडाचे तुकडे, कारण अक्रोडाला तशाच आतल्या घड्या असतात. ही कल्पना माझी होती आणि मला तिचा अजूनही अभिमान आहे. लयकारिका म्हणजे डाळिंबाचे दाणे. गॉल्गी पिंड म्हणजे एकावर एक रचलेले बटाट्याचे काप, तुपात तळलेले. रायबोझोम राजगिऱ्याच्या लाह्या, पण त्या अगदी शेवटी टाकायच्या, नाहीतर भिजतात.

काकूंनी माळ्यावरून एक तवा काढला. कागदात गुंडाळलेला, न वापरलेला. “गृहप्रवेशाला आला होता भावाकडून,” त्या म्हणाल्या. “हिनं हट्टच धरला, नवाच पाहिजे म्हणून.”

पहिली दोन धिरडी फाटली. तिसरं निघालं ते असं सुंदर, पातळ, फिकट पिवळं, की मी ते उचलून उजेडाकडे धरलं. खरंच पटलासारखं दिसत होतं. मग माझ्या लक्षात आलं.

“पिवळं कशाने आलं?”

विशाखाने पिठाच्या पातेल्याकडे पाहिलं. “चिमूटभर हळद. पांढऱ्या ताटात पांढरं दिसलं नसतं.”

“विशाखा, हळद चालत नाही.”

“हळदसुद्धा? हळद तर देवाला वाहतात ना?”

“वाहतात. पण उपवासाला खात नाहीत.”

ती खालीच बसली. पेपर कोरा ठेवावा लागल्यासारखी ती दिसली; तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं. “बघ,” ती म्हणाली, पण मला नव्हे, आईला. “एवढ्याशा हळदीनं सगळं गेलं असतं. त्यांना आयतं कारण मिळालं असतं.”

“मग टाकू भिजत परत,” काकू म्हणाल्या. “काय बिघडलं? हे आपण खाऊ. तूही खा गं गिरिजा, आज बुधवार आहे.”

आम्ही तिघींनी हळदीची धिरडी लसणाच्या चटणीबरोबर उभ्याउभ्याच खाल्ली. मग काकूंनी तवा आणि दुसरं पातेलं स्वच्छ घासून घेतलं आणि परत भिजत घातलं. या खेपेला वाटून झाल्यावर त्यांनी एक उकडलेला बटाटा कुस्करून पिठात मिसळला. त्यानंतर एकही धिरडं फाटलं नाही.

गुरुवारी प्रयोगशाळेच्या टेबलांवर ताटं मांडली होती. पल्लवीचा केक मोठा होता, वर रंगीत क्रीम. कोपऱ्यात एका जोडीने इडलीची पेशी केली होती, मध्ये बिटाचं केंद्रक. आमचं ताट खिडकीजवळ होतं. लापशी काचेसारखी चमकत होती आणि तिच्यातून खालचं पटल दिसत होतं. मॅडम जवळ येऊन वाकल्या, खजूर उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “अक्रोड. वा.”

“मॅडम, तुम्ही शेवटी घ्या हं,” विशाखा म्हणाली.

“मी शेवटीच घेणार. आधी मुली.”

खाणं सुरू झालं. इडलीभोवती गर्दी, केकभोवती गर्दी. ज्यांचा उपवास होता त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आमच्या टेबलाकडे त्या बघत होत्या, पण येत नव्हत्या. मी हात वर करून हाक मारणार होते. विशाखाने माझं मनगट धरलं.

“बोलवू नकोस.”

“अगं, त्यांना माहीत नसेल हे उपवासाचं आहे.”

“माहीत आहे. तूच विचारत फिरलीस ना सगळ्यांना?”

ते खरं होतं. मग त्या का येत नव्हत्या, ते मला समजेना. लापशीवरच्या लाह्या हळूहळू भिजायला लागल्या. कोपऱ्यातल्या इडलीची अर्धी पेशी संपली.

मग पल्लवी आली. ताटाकडे पाहून म्हणाली, “भारी दिसतंय गं. पण माझा गुरुवार आहे.”

“चालेल,” विशाखा म्हणाली. “सगळं उपवासाचं आहे.”

“हो का? लाह्या?”

“राजगिऱ्याच्या.”

“अच्छा.” पल्लवी एक पाऊल मागे सरकली. “मला ना, आज पोटात कसंतरी होतंय. नंतर घेते हं.” आणि ती गेली. तिच्या वरच्या ओठावर स्वतःच्याच केकचं गुलाबी क्रीम लागलेलं होतं. मी विशाखाकडे पाहिलं. तिनेही ते पाहिलं होतं. तिने ताट थोडं सरळ केलं.

त्या क्षणी काहीतरी मला समजायला लागलं. पोह्यांची ताटली परत नेतानाचं काकूंचं ‘बरं’ मला पुन्हा ऐकू आलं.

भिंतीपासून शर्वरी निघाली आणि सरळ आमच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी आल्या, पण अंतर ठेवून. शर्वरी कंबरेवर हात ठेवून ताट निरखू लागली.

“हे खालचं कशाचं?”

“भगर आणि साबुदाणा. उकडलेला बटाटा,” विशाखा म्हणाली.

“हळद?”

“नाही.”

“मीठ?”

“सैंधव. आणि फक्त धिरड्यात आणि बटाट्याच्या कापांवर आहे.”

“तळलंय कशात?”

“तुपात.”

“तवा?”

मला वाटलं, आलं. इथे ती थांबणार. विशाखाचा आवाज अजिबात बदलला नाही. “नवा. काल पहिल्यांदाच वापरला. आमच्याच घरी.”

शेवटचे दोन शब्द तिने मुद्दाम म्हटले. मागच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शर्वरीने नाक वाकडं करून पुन्हा खजुरांकडे पाहिलं. विचारण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मी मनात शोधून पाहिलं, मलाही सापडलं नाही. विशाखाने टेबलाची कड घट्ट धरली होती.

“एका वेळी दोन घेतले तर चालतात का?” शर्वरी म्हणाली. “सकाळपासून नुसत्या दुधावर आहे मी. डोकं दुखतंय.”

विशाखाने टेबलाची कड सोडली.

“नाव आणि काम सांग.”

“तंतुकणिका. ऊर्जा तयार करते. ती तर मला हवीच आहे.” तिने खजूर तोंडात टाकला आणि बोलता बोलताच दुसऱ्या हाताने धिरड्याचा कडेचा तुकडा मोडला. “आणि हे पेशीपटल. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, ते ठरवतं.”

“निवडक्षम पारपटल म्हण,” मॅडम लांबून म्हणाल्या.

“तेच ते, मॅडम. अगं, हे मऊ कसं काय राहिलं? आमच्याकडे ह्याचा पापड होतो.”

मागच्या दोघी पुढे आल्या. एकीने लयकारिका मागितल्या, एकीला केंद्रक हवं होतं पण काम आठवेना, शर्वरीने तिला सांगितलं. मग उपवास नसलेल्याही आल्या. केक खाऊन तोंड गोड झालंय, काहीतरी खारट द्या म्हणाल्या आणि गॉल्गी पिंड संपवून गेल्या. शर्वरीने मॅडमच्या डोळ्यांदेखत तिसऱ्यांदा हात घातला. काही मुली शेवटपर्यंत आल्या नाहीत. पल्लवी आली नाही, तिच्याबरोबरच्या आल्या नाहीत. तरी ताट रिकामं झालं. शेवटचा चमचाभर पेशीद्रव मॅडमनी घेतला.

तोपर्यंत इडलीचं ताट केव्हाच धुऊन झालं होतं. सोलापूरला ती जोडी जाणार असं मॅडमनी जाहीर केलं. आमचं सुरू व्हायलाच उशीर झाला होता.

नळावर ताट घासताना मी म्हटलं, “सोलापूर गेलं.”

“हं,” विशाखा म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. तिने ताट विसळून उभं केलं आणि म्हणाली, “आमच्याकडे जे कोणी येतं ना, त्याचा उपवास असतो. आईच्या अंगणवाडीच्या बाई येतात, त्यांचा असतो. पाचवीत माझ्या वाढदिवसाला वर्गातल्या मुली आल्या होत्या. सगळ्यांचा होता. आईने केलेला शिरा आम्ही दोन दिवस खाल्ला.”

मी नळ बंद केला.

“तू आलीस त्या दिवशी मी केळी आणायला आत गेले, तर आई म्हणाली, हिचाही आहे बघ. मग तू ती केळी खाल्लीस. म्हणजे तुझा खरा होता. म्हणजे सगळेच खोटे नसतात. मग खरा कोणाचा आणि खोटा कोणाचा, ते कळणार कसं? वर्गात गुरुवार मागितला तेव्हाच हे डोक्यात होतं, तुझ्यामुळे नक्की झालं. उपवास हे कारणच काढून टाकायचं. बाकी सगळं राहू द्यायचं. घर आमचं, हात आमचे.”

पुढे कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्याच तासाला नियंत्रित प्रयोगाची व्याख्या सांगितली गेली, तेव्हा मला ती लिहून घ्यावी लागली नाही.

“मग कळलं?” मी विचारलं.

“थोडं कळलं. ज्यांचा उपवास होता, त्यांतल्या बऱ्याच जणींनी खाल्लं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त.” ती जरा हसली. “शर्वरीचं मी चुकीचं धरलं होतं. मला वाटलं, ती कारण शोधतेय.”

“मलाही तसंच वाटलं.”

“ती खरंच विचारत होती गं. तिला भूक लागली होती.”

व्हरांड्यातून चपला वाजल्या. शर्वरीच होती, दप्तर पाठीला लावून, घरी निघालेली.

“विशाखा, ते धिरडं. बटाटा किती घातला होता? आई विचारेल.”

“आईला सांगणार आहेस?”

“सांगितल्याशिवाय करणार कशी ती? तिचं नेहमी तव्याला चिकटतं आणि मग ती माझ्यावर चिडते.”

“कुठे खाल्लं, तेही सांगशील?”

शर्वरी थांबली. तिला तो प्रश्न कळला. आमच्या वयाला जेवढा कळायला हवा त्याहून थोडा जास्तच कळला. तिने दप्तराचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

“आई बोलेल काहीतरी,” ती म्हणाली. “बोलू दे. माझ्या पोटात गेलंय, आता काय करणार?” मग जरा पुढे येऊन, “पण नुसत्या मापानं मला नाही जमणार. तुझ्या आईला करताना बघायला पाहिजे. येऊ का मी?”

विशाखाने ओले हात स्कर्टला पुसले. तिने शर्वरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत शर्वरीकडे.

“ये ना,” ती म्हणाली. “फक्त तुझा उपवास नसेल त्या दिवशी ये.”